सतरा किलोंचा विजेता

उतरणारे वजन हे चारित्र्याचे लक्षण आहे. ज्याचे वजन चढते त्याला लोक कारण विचारतात. ज्याचे उतरते त्याला गुपित.

याच पायावर कार्यालयातल्या मधुमेही मित्रमंडळाने वजन घटवण्याची स्पर्धा सुरू केली. सभासद तेवीस. दर सोमवारी टपाल विभागातल्या पार्सलच्या काट्यावर अध्यक्षांच्या सहीनिशी वजन होई (काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, पण सर्वांना सारखाच). पाच महिन्यांत मंडळाने एकूण एकोणीस किलो घटवले. त्यांतले सतरा एकट्या हेडक्लार्कचे. अहवालात याची नोंद 'सांघिक यश' अशी आहे.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कला पहिल्यांदाच कोणी चांगले म्हणत होते. त्याने पट्ट्याला खिळ्याने चार नवी भोके पाडली आणि कोणी न विचारताच ती दाखवू लागला. अन्न जाईना, पाठ दुखे, आणि साखर मात्र चढतच होती. समितीने साधकबाधक चर्चा करून निष्कर्ष काढला, की तो घरी चोरून गोड खातो. (साखरेला स्पर्धेत गुण नसल्याने ताकीद देऊन सोडण्यात आले.)

त्याची बायको मंडळाची सभासद नव्हती, म्हणून तिला शंका आली.

"अहो, दोन घासांवर उठता तुम्ही. खात नाही तर साखर वाढते कशी? मोठ्या डॉक्टरांना दाखवू या."

"अंतिम फेरी होऊ दे. आता औषध बदललं आणि वजन वाढलं, तर?"

खरे तर तो घाबरला होता. पण डॉक्टरकडे जाण्यापेक्षा पहिला येणे सोपे होते. तो पहिला आला, ढाल घेतली आणि त्याच आठवड्यात बायकोने त्याला ओढतच नेले.

तपासण्या झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी वजन केव्हापासून उतरतेय असे विचारले. त्याने सहीशिक्क्यानिशी वीस सोमवारांचा तक्ता पुढे ठेवला. इतकी चोख नोंद त्यांनी कुठल्याच पेशंटकडे पाहिली नव्हती.

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे," ते म्हणाले. "जुना मधुमेह, साखर एकाएकी चढलेली, वजन आपोआप उतरतंय. चार महिन्यांपूर्वी यायला हवं होतं."

मंडळाला मनापासून वाईट वाटले. तातडीची सभा घेऊन नियम दुरुस्त झाला: आजारामुळे उतरलेले वजन धरले जाणार नाही. ढाल परत मागवून उपविजेत्याला (सहाशे ग्रॅम) देण्यात आली.

तुम्ही मात्र हसू नका. परवा जिन्यात भेटलेल्या त्या ओळखीच्या गृहस्थांना "अरे वा, काय बारीक झालात!" असे तुम्हीच म्हणालात आणि पुढे निघून गेलात. ते काहीतरी सांगणार होते.