काशप्पाअण्णांच्या हातातलं घड्याळ

ऊन चढल्यावरही रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला, की काशप्पाअण्णांना राहवत नाही. ते छत्री उघडतात, खांबाखाली उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला छत्रीच्या टोकानं दिवा दाखवतात. "बगा, जळायलाय. सरकारचा म्हंजे कुणाचा? तुमचा न् माझाच की." लाईनमन येऊन दिवा बंद करीपर्यंत ते हलत नाहीत. आमच्या भालकी गावच्या लाईनमनला त्यांची छत्री चांगली ओळखू येते.

खत-बियाणाचं दुकान विकून अण्णा घरी बसले, पण बसणं त्यांना जमलं नाही. गळक्या सरकारी नळांसाठी ते खिशात लाकडी खुंट्या घेऊन फिरतात. एकदा शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण चालू असताना ते उठले आणि रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखे एकेक करून बंद करत गेले. शेवटचा पंखा नेमका पाहुण्यांचा निघाला.

मी ज्या वसतिगृहाची व्यवस्था बघते, ते अण्णांच्या घराला लागूनच आहे. वयानं मोठी, पण समज लहान मुलाची, अशी माणसं इथं एकत्र राहतात. चाळिशीचा राचू त्यातला सगळ्यात बोलका.

मध्यंतरी जिल्ह्याच्या ऑफिसातून आमच्याकडे घड्याळं आली. हातात घातली की माणूस कुठं आहे ते माझ्या टेबलावरच्या पडद्यावर ठिपका होऊन दिसायचं. चाचणी होती; इथं जमलं तर सगळ्या वसतिगृहांत देणार होते. मात्र खर्च आमच्याच अनुदानातून झाला. घड्याळ लक्ष ठेवतंय म्हणून दोन मदतनीस बायांपैकी नागम्माला घरी बसवून तिचा पगार तिकडं वळवला. शनिवारी बाजारात सगळ्यांना तीच फिरवून आणायची. ते फिरणं बंद पडलं. आवाराच्या कोपऱ्यातल्या पेरूच्या झाडाखाली राचू गेला तरी पडदा ठणाणा करायचा.

अण्णा बघायला आले. "याला किती गेलं?"

"आपलं काही नाही अण्णा. चाचणी आहे, फुकट." अनुदानाची गोष्ट मी टाळली.

"फुकट? कुणाच्या खिशातनं फुकट?" त्यांनी जादाचं एक घड्याळ उचललं. "माझ्या हाताला बांधा, अक्का."

"तुम्ही कुठं हरवणार?"

"वस्तू घालून बगितल्याबिगर घेऊ न्हाई."

मी बांधलं. त्या दिवसापासून राचूला काम मिळालं. तो पडद्यासमोर खुर्ची टाकून बसू लागला. ठिपके कसे हलतात ते त्याला चांगलं समजलं. "अण्णा चहाला गेला. अण्णा भांडायलाय." भांडण पडद्यावर दिसत नव्हतं, पण अण्णा एका जागी फार वेळ थांबले तर राचूचा अंदाज सहसा चुकत नसे.

एका सकाळी ठिपका गावाबाहेरच्या तळ्यात गेला. अगदी मधोमध. राचूनं एकदम भोकाड पसरलं. "अण्णा बुडला." ताट ढकलून दिलं, माझा पदर धरून मला दाराकडं ओढू लागला. बाकीची माणसंही रडायला लागली. मी एकटी कुणाकुणाला धरणार? कसाबसा अण्णांना फोन लावला.

"अण्णा, कुठं आहात?"

"न्हाव्याकडं. कामून?"

मी सांगितलं. पलीकडून फोन कट झाला. थोड्या वेळानं अण्णा दारात. गळ्यात न्हाव्याचं फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. धावत आल्यानं धाप लागलेली. "राचू, हे बग, कोरडा हाय मी." राचूनं त्यांचं धोतर चाचपून पाहिलं, फेसाला बोट लावलं, आणि मग जेवला. अण्णा त्याच्याजवळ तसेच बसून राहिले. राहिलेली दाढी संध्याकाळी झाली.

तपासणीला जिल्ह्याच्या म्याडम आल्या. तरुण, ऐकून घेणारी बाई. अण्णा बोलावल्याशिवायच हजर. मला वाटलं, आता पंखे बंद करतात. पण ते हात जोडून बोलले.

"म्याडम, ठिपका चुकला त्याचं काई न्हाई. मशीन हाय, उद्या सुधरंल. पण हे माणूस रडायलं तवा त्याला जवळ घ्यायला नागम्मा न्हवती. तिच्याच पगारातनं ही घड्याळं आली, व्हय का न्हाई?"

म्याडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"चाचणी यासाठीच असते, अण्णा," त्या म्हणाल्या. "नको असेल तर नको म्हणायचं."

तसंच त्यांनी वर कळवलं. चाचणी पुढं वाढवली नाही. नागम्मा परत आली, शनिवारचा बाजार सुरू झाला. घड्याळं खोक्यात भरून गोदामात गेली. खर्च झाला तो झालाच, याची हळहळ अण्णांना आजही आहे.

खोकं भरताना एक घड्याळ कमी पडलं. अण्णांचं. मागितलं तर "उद्या देतो" म्हणाले. उद्याही तेच. सरकारी वस्तू अण्णांकडं राहते, हे मला पटेना. शेवटी मी त्यांच्या घरी गेले. अण्णा पडवीत एकटेच बसले होते. घड्याळ हातातच होतं.

"आता हे चालत नाही अण्णा. पडदा काढून नेला."

"म्हाईत हाय." ते पट्ट्याशी चाळा करत राहिले. "अक्का, माझी मंडळी वारल्यापास्नं मी कुठं जायलोय, कवा यायलोय, कोण इचारत न्हवतं. त्या दिशी फेसासकट पळालो, तवा वाटेत मनात आलं, आपुन बुडालो तर जेवण सोडणारं एक माणूस हाय."

त्यांनी घड्याळ काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

आता अण्णा उदगीरला निघोत की हुमनाबादला, आधी आमच्या फाटकाशी येतात. कुठं, कशाला, कोणत्या गाडीनं, सगळं राचूला सांगतात. राचू नीट ऐकून घेतो, विचार करतो, आणि म्हणतो, "जावा. लवकर या."

तो असं म्हणेपर्यंत अण्णा गाडी चुकली तरी चालेल, पण फाटकापासून हलत नाहीत.