गोलांच्या पावत्या

फुटबॉल या खेळातला मूलभूत दोष असा, की त्यात कोणीही जिंकू शकतो. इतरत्र लोक हा दोष निमूटपणे सोसतात. पेडणे तालुक्यातल्या चार थोर क्लबांनी मात्र १९७८ साली तो दूर केला. त्याबद्दल त्यांचे आभार अजून कोणी मानलेले नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त केरीच्या रापणकारांचे झाले. त्यांनी सलग दोन वर्षे तालुक्याची ढाल नेली. (दिवसभर वाळूत पाय रोवून जाळे ओढल्याने पोटऱ्यांत जी ताकद येते, ती थोर क्लबांच्या मते नियमबाह्य आहे.) तेव्हा चौघे अध्यक्ष एका माजघरात जमले. देऊळवाडा क्लबचे कृष्णनाथबाब पिढीजात देवस्थानचे मानकरी. त्यांनी मुद्दा मांडला, की पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे ठरवायला आपण दरवर्षी सामना घेत नाही. (एकदा घेतला होता, तो कोर्टात अजून चालू आहे.) मग फुटबॉलमध्येच ही अनागोंदी का?

चहा संपायच्या आत 'मानकरी क्लब संघ' स्थापन झाला. ढाल चौघांत पाळीपाळीने फिरावी असे ठरले. मानकरी क्लब अंतिम फेरीआधी बिगर-मानकऱ्याकडून हरल्यास तो सामना सराव समजावा. बिगर-मानकऱ्यांना खेळायची पूर्ण मुभा राहील. त्यांनी मानकऱ्यांवर केलेले गोल देणगी म्हणून स्वीकारले जातील आणि शिक्क्यासह पावती मिळेल. पहिल्याच मोसमात एकतीस सामने झाले, अनपेक्षित निकाल शून्य. मैदानावरची भांडणे चौसष्ट टक्क्यांनी घटली. (उरलेली छत्तीस टक्के चार मानकऱ्यांची आपसातली.)

या सुव्यवस्थेत शिवदास आडवा आला. हा केरीचा सेंटर फॉरवर्ड. वास्कोच्या बंदरातली एक कंपनी आपल्या संघासाठी दरवर्षी दोन खेळाडू उचलायची आणि त्यांना कायमची नोकरी द्यायची. तिचा माणूस फक्त अंतिम सामना पाहायचा, आणि पंचविशी उलटलेला माणूस घ्यायचा नाही. शिवदासला चैत्रात पंचवीस पूर्ण होणार होती. उपांत्य सामन्यात त्याने देऊळवाड्यावर तीन गोल केले आणि त्याला तीन पावत्या मिळाल्या.

त्या घेऊन तो कृष्णनाथबाबांच्या ओसरीवर गेला.

"बाब, माका पावती नको. माका फायनल खेळाक व्हयी."

"शिवदासा," कृष्णनाथबाब मायेने म्हणाले, "पालखीक पयलो खांदो देता, तो काय धावण्यात पयलो येता म्हणान देता?"

"पण बाब, पालखी खांद्यार घेतल्यार कोण नोकरी दिना."

यावर कृष्णनाथबाबांनी त्याला चहा दिला. संघाच्या दफ्तरात 'समाधानकारक चर्चा' अशी नोंद आहे.

दोन मानकऱ्यांतला अंतिम सामना ठरल्याप्रमाणे शून्य-शून्य सुटला आणि ढाल पाळीप्रमाणे देऊळवाड्याला गेली. वास्कोच्या माणसाने जांभया आवरत दोन नावे लिहिली. त्यांतला एक गोलरक्षक होता. त्याच्याकडे चेंडू गेलाच नव्हता, त्यामुळे त्याची चूकही झाली नव्हती. जाताना तो माणूस म्हणाला, की आठ दिवसांत खरा सामना खेळवलात तर मी पुन्हा येईन, यादी तोवर कच्चीच ठेवतो.

शिवदासने सायकल काढली. तालुकाभर फिरून त्याने फेरसामन्याच्या मागणीखाली तेवीस क्लबांच्या सह्या मिळवल्या. सही करताना प्रत्येक अध्यक्ष संतापाने थरथरत होता. संघानेही निषेधपत्राचा आदर राखला. उत्तरादाखल त्याने एवढेच जाहीर केले, की पाचवा मान लवकरच देण्यात येईल. निषेधात सामील नसलेल्या क्लबांनी अर्ज करावेत.

तीन दिवसांत तेवीस सह्या मागे घेतल्या गेल्या आणि तेवीस अर्ज आले. पहिला केरीच्या अध्यक्षांचा होता. फेरसामना कोणालाच नको होता, त्यामुळे तो झाला नाही. वास्कोची यादी पक्की झाली. चैत्र वेळेवर आला.

वाचकहो, एवढे वाचताना तुम्ही दोनदा 'काय हा अन्याय' म्हणालात, म्हणून संघाचा कारकून या नात्याने सांगतो. त्या तेवीस अर्जांत तुमचा अकरावा आहे. शिवदास परवा कार्यालयात येऊन कोणाकोणाचे अर्ज आलेत म्हणून विचारत होता. तुमचा मी फायलीत खाली सरकवला. निषेधपत्रावरची तुमची सही त्याला पाठ आहे.