चिमणी म्हैस आणि घरची घटना

बेळगावजवळच्या मच्छे गावात यल्लाप्पांच्या घरी रविवारचं मटण शिजायचं ते परसातल्या चुलीवर. सून प्रियदर्शनी गुंजी गावच्या माळकरी घरातली, त्यामुळे लग्न ठरतानाच तसं बोलणं झालं होतं. पण त्या रविवारी लाकडं ओली निघाली, धुराने यल्लाप्पांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी जेवणाआधीच ठराव मांडला, की पुढच्या खेपेपासून मटण आत गॅसवर शिजवायचं.

यल्लाप्पा एकदा ग्रामपंचायतीत मेंबर होते. त्या काळात गावाचं त्यांच्या हातून फार काही झालं नाही, पण ठराव मांडायची खोड मात्र कायमची लागली. "हितनं पुढं घरात सगळं मतानं ठरणार. जास्ती हात तो कायदा," त्यांनी जाहीर केलं. त्यांचा हात वर गेला, बायको अक्काताईंचा गेला आणि मुलगा साईराजचाही गेला, फक्त बायकोकडे न बघता.

प्रियदर्शनी बेळगावात हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवायची. "आप्पा, काही गोष्टी मताला टाकायच्या नसतात," ती शांतपणे म्हणाली.

"लोकशाही हाय पोरी. कमी हातवाल्यांनी जरा सोसायचं असतंय."

आता हे कुणी बोलावं, तर सीमाभागात उभा जन्म काढलेल्या, कमी हातवाल्यांच्या हक्कांसाठी प्रत्येक मोर्चात पुढच्या रांगेत चाललेल्या माणसाने. पण ते सगळं घराबाहेर. पुढच्या रविवारी प्रियदर्शनी दहीभाताचं ताट घेऊन पायरीवर जाऊन बसली. आत यल्लाप्पांना मटण अळणी लागलं, आणि त्याचा दोष त्यांनी मिठाला दिला.

मग साईराजने जुनी मोटार घेतली. कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून त्याला ती हवीच होती. गल्लीत उभी केली तर पाण्याचा टँकर अडायचा, आणि शेजारच्या शेळ्यांना टपावर चढून बसायची गोडी लागली. छप्पर असलेली मोकळी जागा घरात एकच, ती म्हणजे गोठा. आणि तीही मोकळी नव्हती, कारण तिथे चिमणी होती.

चिमणी म्हणजे म्हैस. इवलंसं रेडकू असताना यल्लाप्पांनी लाडाने हे नाव ठेवलं, आणि मग ती गोठाभर वाढली. संध्याकाळी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला दिवसभराचं सगळं सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. साईराज म्हणाला, म्हैस विकू, दूध पिशवीचं आणू. यल्लाप्पा हसले आणि म्हणाले, टाक मताला. त्यांचा हिशेब सोपा होता: दोघं तिकडे, दोघं इकडे, ठराव बारगळला.

साईराजने हात वर केला. प्रियदर्शनीनेही केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण पायरीवरचा दहीभात होता. आणि मग गुडघ्यावर हात टेकून बसलेल्या अक्काताईंनी तोच हात उचलून वर नेला.

"तू बी?" यल्लाप्पांनी विचारलं.

"मत हाय की मला," अक्काताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

नागोजी नावाचा ओळखीचा व्यापारी शनिवारी टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. यल्लाप्पांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ते वह्या तपासत बसलेल्या सुनेसमोर जाऊन उभे राहिले. मोर्चात कलेक्टरसमोर उभं राहताना त्यांना इतकं अवघडलं नव्हतं.

"जास्ती हातांच्या वर काय असतंय का गं?"

"असते की. घटना," प्रियदर्शनी म्हणाली. मग तिने वर्गात सांगते तसं सांगितलं. नुसत्या हातांवर चाललं तर आज ज्याचे हात जास्त, तो दुसऱ्याच्या ताटातलंही ठरवतो. म्हणून काही हक्क आधीच बाजूला काढून ठेवायचे आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही, सगळे हात एक झाले तरी.

"त्या रविवारी माझं चुकलंच," यल्लाप्पा म्हणाले. "मटण परसात. आनि चिमणी गोठ्यात. एवढं घटनेत घाल."

"सगळ्यांना विचारून घालू. आणि जे लिहू ते तुम्हालाही लागू."

"व्हय, व्हय," यल्लाप्पा घाईने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर टेम्पो होता.

रात्री जेवताना घरची घटना ठरली. ज्याने त्याने आपल्या पोटाला मानवेल ते खावं. जीव लावलेलं जनावर मतांनी विकू नये. साईराज कुरकुरला, पण बायकोच्या ताटाकडे बघून मोटार गल्लीतच ठेवायला तयार झाला. अक्काताईंनी विचारलं, "शाळेत ते वेठबिगारीचं शिकवतीस न्हवं? मर्जीबिगर कुनाकडनं काम करून घ्यायचं न्हाय म्हनून?" प्रियदर्शनी हो म्हणाली. "मग त्ये बी घाल." यल्लाप्पांना वाटलं, हे कारखान्यांसाठी असेल. त्यांनी सगळ्यात आधी हात वर केला.

सकाळी नागोजी आला, चहा प्याला आणि म्हैस मिळणार नाही हे कळल्यावर वैतागला. "तुमच्या घरात चालतंय तरी कुनाचं?"

"घटनेचं," यल्लाप्पांनी छाती काढून सांगितलं आणि त्याला टेम्पोपर्यंत पोचवून आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिमणीच्या हंबरण्याने त्यांना जाग आली. शेजारी अक्काताई भिंतीकडे तोंड करून निवांत पडल्या होत्या. यल्लाप्पांनी दोनदा खाकरून पाहिलं, मग स्वतःच उठले. गोठ्यातलं शेण बघून त्यांना कळेना, की एवढं रोज पडतं आणि आपल्याला आजवर दिसलं कसं नाही. ते भरताना कंबर धरली. भरलेली पाटी डोक्यावर घेताना गुडघा करकरला, आणि तेव्हा त्यांना अक्काताईंचा वर गेलेला हात आठवला. इतकी वर्षं जीव आपण लावला आणि शेण हिने काढलं. त्यांना फार वाईट वाटलं.

पण धार तर काढायला हवी होती. चिमणीने त्यांचा हात ओळखला, पण तो गप्पांचा हात म्हणून. कासेला लागताच तिने शेपटीचा फटका देऊन बादली उडवली. यल्लाप्पा तसेच शेणाने माखलेले खोलीच्या दाराशी आले.

"चिमणी दूध दिना झालीया."

"तिचं मत घ्या की," अक्काताई पांघरुणातून म्हणाल्या.

यल्लाप्पा दारातच उभे राहिले. "हात जोडतो. तुझं गुडघं दुखत्यात, त्ये मी कधी इचारलंच न्हाय. शेण हितनं पुढं माझं."

अक्काताई उठल्या. पदर खोचून गोठ्यात गेल्या, चिमणीच्या अंगाला अंग लावून बसल्या, आणि बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. यल्लाप्पा खराटा धरून बाजूला उभे होते. जरा वेळाने त्यांनी दबकत विचारलं, "उद्या बी येशील न्हवं?"

"त्ये उद्या सांगीन," अक्काताई मान न वळवता म्हणाल्या. "ही वेठ न्हाय, मर्जी हाय. रोज इचारावी लागतीया."