इनासभाऊंची शिट्टी

इनासभाऊंना काठोकाठ भरलेला चहा दिलात तर ते तो पीत नाहीत. नको म्हणत नाहीत, उठूनही जात नाहीत. नुसते कपाकडे संशयाने पाहत बसतात. मग बुशशर्टाच्या खिशातून स्वतःचा चमचा काढतात, थोडा थोडा चहा बशीत घेतात, आणि काठाखाली बोटभर जागा झाली की पहिला घोट घेतात. बशीतला चहा शेवटी पितात. सांडायचं नाही आणि वायाही घालवायचं नाही.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको ओशाळली. तिला वाटलं, चहात काहीतरी पडलं. मी खुलासा केल्यावर पुढच्या खेपेला तिने कप कमी भरला, तर आईचा चेहरा पडला. "पाहुण्याला अर्धा कप? आमच्या कोकणात असं नाही हो करत."

इनासभाऊ आईकडे वळले. "आजी, वरची जागा रिकामी नसते. ती कामावर असते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बादली असो, पिंप असो, रॉकेलचा डबा असो, भरणाऱ्याला ते हे वाक्य ऐकवतातच. पातळ पदार्थ उन्हाने फुगतो, हलवला की उसळतो, त्याला वर जागा लागते, हे शास्त्र त्यामागे आहे. पण ते शास्त्र सांगत बसत नाहीत. वरच्या त्या रिकाम्या बोटभर जागेबद्दल ते एखाद्या प्रामाणिक वॉचमनबद्दल बोलावं तसं बोलतात.

पेट्रोल पंपावर तर त्यांना सगळे ओळखून आहेत. टाकी भरत आली की नळी आपोआप खट्कन बंद होते. तरीही पैसे पुरे व्हावेत म्हणून पोऱ्या आणखी दोनदा दाबतो. इनासभाऊ स्कूटरवरून उतरून त्याचं मनगट धरतात. "नळीने पुरे म्हटलं ना? मग तू कोण?"

भावाच्या नातीच्या बाप्तिस्म्याला त्यांनी चर्चमध्येही हेच केलं. पाण्याचं भांडं काठापर्यंत भरलेलं पाहून ते पुढे गेले आणि फादरांच्या कानात म्हणाले, "थोडं कमी करू या."

फादर म्हणाले, "इनास, हे पवित्र पाणी आहे."

"असेल, फादर. पण फरशी साधीच आहे."

पाणी कमी करण्यात आलं.

माझी आणि त्यांची ओळख वालीवच्या कारखान्यांच्या वसाहतीतली. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी तिथे एका थिनरच्या कारखान्यात स्टोअर आणि हिशेब पाहत होतो. टँकरने माल यायचा आणि आम्ही तो ड्रममध्ये भरून विकायचो. इनासभाऊंचा छोटा गाळा आमच्या भिंतीला लागून. मुंबईच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर उभं आयुष्य काढून त्यांनी नोकरी सोडली होती आणि सांडणं थांबवणाऱ्या वस्तू बनवायला घेतल्या होत्या: झडपा, तरंगते गोळे, रबरी बुचं. राहायचे सांडोरला, केळीच्या वाडीत. स्वतःविषयी त्यांचं मत चांगलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नसे. "सावंत," ते मला म्हणायचे, "या वालीवमध्ये सगळे भरणारे आहेत. थांबवणारा मी एकटा."

मी आकड्यांचा माणूस. आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल यांत फरक पडला की मला झोप लागत नाही. आमच्याकडे तो फरक रोज पडायचा, आणि कुठे जातो हेही मला ठाऊक होतं. तो जमिनीवर जात होता. दोनशे लिटर भरायच्या ड्रमला मोजपट्टी नव्हती. ड्रम किती भरला हे पाहायची आमची पद्धत म्हणजे शेवंताबाई. शेवंताबाई ड्रमच्या भोकाला डोळा लावून वाकायच्या आणि थिनर वर येताना दिसलं की नळी उपसायच्या. वास नाकात, वाफ डोळ्यांत. संध्याकाळी त्यांचं डोकं दुखायचं. त्या एक फडका कपाळाला घट्ट बांधून घरी जायच्या.

एक दिवस नळी उपसायला उशीर झाला आणि थिनर उसळून त्यांच्या डोळ्यात गेलं. आम्ही पाण्याने डोळा धुतला, डॉक्टरकडे नेलं. डोळा वाचला. दोन दिवसांनी त्या पुन्हा कामावर हजर, पुन्हा भोकाला डोळा. मी म्हटलं, "बाई, जरा लांबून बघा." त्या म्हणाल्या, "लांबून भोकात काय दिसतंय, सायेब?"

त्याच दुपारी इनासभाऊ आमच्या शेठकडे आले आणि टेबलावर एक पितळी शिट्टी ठेवली.

युक्ती अशी. ड्रमला वर दोन भोकं असतात. मोठ्यातून थिनर आत जातं, लहानातून आतली हवा बाहेर पडते. इनासभाऊंची शिट्टी त्या लहान भोकात बसायची आणि तिच्याखाली एक छोटी नळी ड्रमच्या आत लोंबायची. मोठं भोक नळीभोवती रबरी बुचाने बंद. हवेला बाहेर यायला शिट्टीशिवाय वाट नाही, म्हणून ड्रम भरत असताना शिट्टी वाजत राहते. थिनर चढत चढत आतल्या नळीच्या टोकाला टेकलं की हवेची वाट बंद आणि शिट्टी बंद. तेव्हा भरायच्या नळीवरचा कॉक फिरवून बंद करायचा. वाकायचं नाही, बघायचं नाही, नुसतं ऐकायचं.

शेठ म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो. शनिवारी माझ्यासमोर ड्रम नीट भरले तर शिट्ट्या ठेवू. नाहीतर काढून न्या, आमची जुनी पद्धत बरी."

जुनी पद्धत म्हणजे शेवंताबाईंचा डोळा. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. शेवंताबाईंनाही.

दुसऱ्या दिवशी इनासभाऊ आले ते बायकोला घेऊन. रेजिनावहिनी बारीक चणीच्या, गोड, बारीक आवाजाच्या. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या. त्यांना भरण्याच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून दिली. त्या मांडीवर सूप घेऊन वाल सोलत बसल्या. कामगारांत खसखस पिकली. "भाऊ, वहिनींना घरी ठेवायला भीती वाटते काय?" इनासभाऊ म्हणाले, "तिला करमत नाही घरी."

वहिनींची एक गंमत होती. शिट्टी सुरू झाली की त्यांचा उजवा हात सुपावरून वर उचलला जायचा, आणि थांबली की खाली यायचा. आम्हाला वाटलं, चर्चमधल्या गाण्याची सवय.

पहिले दोन दिवस सगळा गोंधळ झाला. पंप सुरू व्हायचा, शिट्टी वाजायची, आणि शेवंताबाई ताबडतोब कॉक बंद करायच्या. ड्रममध्ये तळाला घोटभर थिनर.

"बंद का केला?" इनासभाऊ ओरडले.

"शिट्टी झाली ना!"

"झाली म्हणजे चालू ठेवायचं!"

"माज्या हाताला कुकरची सवय हाय, भाऊ. शिट्टी झाली का हात आपसूक बंद करायला जातो. त्याला मी काय करू?"

शेडमधल्या सगळ्यांचीच ती सवय होती. शेवंताबाई दमल्या की दुसरा कोणी उभा राहायचा, आणि तोही पहिल्या शिट्टीला कॉक फिरवायचा. माल भरला जाईना, टेंपो उभे. शेठ वैतागून खाली आले.

"इनासभाऊ, उलटी करा ना ती. भरल्यावर वाजू दे. सगळ्या जगात शिट्टी म्हणजे थांबा."

"नाही करणार."

"का?"

"भरल्यावर वाजणारी शिट्टी नेमकी त्या दिवशी बिघडलेली असली तर? तुम्ही वाट बघत बसाल आणि थिनर बाईच्या तोंडावर. माझी शिट्टी बिघडली तर गप्प राहते, आणि गप्प म्हणजे थांबा. ती बिघडली तरी खरं सांगते, शेठ."

शेठ वर निघून गेले. मला मात्र ते वाक्य फार आवडलं. माझ्या हिशेबाच्या धंद्यात बिघडल्यावरही खरं सांगणारी एकही गोष्ट मी पाहिली नव्हती.

मग इनासभाऊ शेवंताबाईंपुढे उकिडवे बसले. "हे बघा, कुकर रागावला की ओरडतो. ही खुशीत असली की गाते. गाणं थांबलं की समजायचं, काहीतरी झालंय."

"म्हंजे घरच्या बाईवानी," शेवंताबाई म्हणाल्या. "भाऊ, वहिनी गप्प झाल्या का तुमी काय करता?"

"पंपच सुरू करत नाही."

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच काहीतरी जमलं. त्यानंतर शिट्टी वाजली की शेवंताबाई कॉकवरचा हात पदरात गुंडाळून ठेवायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "गाते, गाते, गाऊ दे." ड्रम भरू लागले.

शनिवार उजाडला आणि वहिनी आल्या नाहीत. ताप होता. इनासभाऊ एकटेच आले. रिकामी खुर्ची नेहमीच्या जागी होती. शेठ हाताची घडी घालून उभे. इनासभाऊंनी बूच बसवलं, शिट्टी बसवली, ठिणगी पडू नये म्हणून ड्रमला तांब्याच्या तारेचा चिमटा लावला, आणि हाताने खूण केली. पंप घरघरू लागला.

इनासभाऊ मान डोलावत म्हणाले, "छान. चालू ठेवा."

मी कान दिला. पंपाच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. शिट्टी वाजतच नव्हती. इनासभाऊ मात्र ड्रमकडे पाहत समाधानाने मान हलवत होते.

शेवंताबाईंनी खट्कन कॉक बंद केला.

"का थांबलात?" इनासभाऊ दचकले.

"वाजत नाय, भाऊ. वाजत नाय म्हंजे थांबा. तुमीच शिकवलंत."

बूच तिरकं बसलं होतं. हवा शिट्टी सोडून तिथून निसटत होती. इनासभाऊंनी बूच काढून पुन्हा बसवलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि आठवडाभर समोर असलेली गोष्ट तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरली.

मी जाऊन वहिनींच्या खुर्चीत बसलो.

पंप सुरू झाला. शिट्टी वाजू लागली, बारीक, सरळ, घरघरीच्या वरून तरंगणारी. मी गुडघ्यावरचा उजवा हात उचलला. इनासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, मान हलवली नाही. फक्त त्यांचे खांदे थोडे खाली आले. मग ते ड्रमकडे वळले. शिट्टी थांबली त्याच क्षणी शेवंताबाईंचा कॉक बंद झाला आणि माझा हात खाली आला. शेठनी टॉर्च लावून भोकात पाहिलं. वर बोटभर जागा, जमिनीवर एक थेंब नाही. त्यांनी आणखी ड्रम भरून घेतले. सगळे तसेच.

"मानलं तुम्हाला!" शेठ म्हणाले. "पहिल्या ड्रमला मुद्दाम बूच तिरकं लावून बाईची परीक्षा घेतलीत!"

"नाही शेठ. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"बघा," शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "मोठेपणाही घ्यायला नको यांना!"

शिट्ट्या राहिल्या. शेवंताबाईंनी त्या दिवशी कपाळाला फडका न बांधता पाटीतलं सामान आवरलं.

रविवारी दुपारी मी वहिनींना पाहायला सांडोरला गेलो. ताप उतरला होता. त्या शाल पांघरून ओट्यावर बसल्या होत्या. इनासभाऊ लांब वाडीत केळीची वाळकी पानं कापत होते.

"हात तुम्ही केलात म्हणे काल," वहिनी म्हणाल्या.

"त्यांनी सांगितलं?"

"घरी आल्या आल्या." त्या शालीचं टोक चाळवत राहिल्या. "प्रेसवरच्या दणदणाटात गेलं सगळं, सावंतभाऊ. एकदम नाही गेलं. आधी पाखरं गेली. मग सायकलची घंटी. जाड आवाज येतात, पुरुषमाणसांचं बोलणं येतं, समोर असलं तर ओठांवरून बायकांचंही कळतं. बारीक तेवढं येत नाही. लोकांना सांगत नाहीत. म्हणतात, ऐकू न येणाऱ्याची शिट्टी कोण लावून घेईल?"

"मग शिट्टीच जाड आवाजाची करायची. त्यांनाही ऐकू आली असती."

"भांडले ना मी त्यावरून! म्हणाले, पंप जाड घरघरतो, त्यात जाड शिट्टी बुडून जाईल. ऐकायचं त्या बाईला आहे, मला नाही."

स्वतःला कधीही ऐकू येणार नाही असा आवाज या माणसाने पितळेत कोरून, घासून, बायकोच्या हाताकडे पाहत पाहत बरोबर लावला होता.

आत चहा उकळला. वहिनींनी तो गाळून आणला आणि ओट्याच्या कडेशी जाऊन उभ्या राहिल्या. हनुवटी छातीशी टेकवली, खोल श्वास घेतला.

"अहो!"

मी दचकून मागे पाहिलं. दुसरंच कोणी आलंय असं वाटलं. तो आवाज वहिनींचा नव्हता. जाडाभरडा, खर्जातला, थेट पोटातून आलेला, गाडीच्या बैलांना हाकणाऱ्या गड्याचा असावा तसा. त्या चर्चमध्ये गाणाऱ्या बारीक गळ्यातून तो काढताना त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि नंतर त्यांना खोकला आला.

केळींच्या पलीकडे इनासभाऊंनी कोयता खाली ठेवला.

"आलो, आलो!"