नानांचे अठ्ठावीस

यतीन सासऱ्यांना भीत असे. यात नवल काही नव्हतं. नाना देशमान्यांना निम्मं सोलापूर भीत असे, आणि उरलेल्या निम्म्याची वीज त्यांनी कधी ना कधी तोडलेली होती. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावरसुद्धा कुणाच्या अंगणात दिवसाढवळ्या दिवा जळताना दिसला, की ते त्या घराची बेल वाजवत. मुलगी बघायच्या दिवशी त्यांनी यतीनचं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. एकच विचारलं, "बाहेरगावी जाताना मेन स्विच बंद करता का?"

यतीन "हो" म्हणाला. (उभ्या आयुष्यात त्याने मेन स्विचला हात लावला नव्हता. त्याला शॉकची भीती वाटे.) त्या 'हो'वर लग्न जमलं, आणि तेव्हापासून तो नानांच्या समोर येताना खोट्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळवलेल्या माणसासारखा येई. चंदीगडला एका इस्पितळाच्या स्टोअरमध्ये कारकुनी मिळाली तेव्हा सगळे म्हणाले, फार लांब जातोयस. यतीनला ते अंतर अगदी बेताचं वाटलं होतं.

यंदा अधिक महिना नेमका ज्येष्ठात आला. धोंड्याचं जेवण, अनारसे, जावयाला वाण. सोलापूरहून बोलावणं आलं. यतीनने विचार केला, आठ दिवस नानांच्या घरात काढायचे म्हणजे प्रत्येक बटण दाबताना परीक्षा. म्हणून त्याने "रजा मिळत नाही" एवढंच कळवलं. (रजेचा अर्ज केलाच नव्हता.) काम झालं असं समजून तो त्या रात्री छान झोपला.

सकाळी त्याच्या बायकोने, आसावरीने सांगितलं, "नाना-माई इकडेच येताहेत. वाण घेऊन."

ऐन जूनमध्ये सेक्टर अडतीसमधल्या वरच्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या घरात नळाला थेट चहाचं पाणी येत होतं. नानांनी घरात पाऊल ठेवलं, पश्चिमेची खिडकी बघितली, भिंतीला हात लावून बघितला आणि जाहीर केलं की चांदीचं निरांजन रद्द. यंदा जावयाला वाण म्हणून एसी. दुसऱ्याच दिवशी ते खिशात मेजरटेप घेऊन सेक्टर बावीसच्या दुकानात गेले. खोलीची लांबी-रुंदी सांगून त्यांनी विक्रेत्यालाच किती टनाचा लागेल ते विचारलं, तो चुकला, मग त्याला खाली बसवून शिकवलं. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर एकदम बंद पडत नाही, गरजेप्रमाणे हळू होतो. म्हणून तो सारखा चालू-बंद करायचा नसतो, अठ्ठावीसवर लावायचा, जोडीला पंखा ठेवायचा आणि दार लोटून घ्यायचं. शेवटी विक्रेता त्यांना "सरजी" म्हणायला लागला. यतीन मान डोलवत उभा होता. तो इतका डोलला, की बसवणारा माणूस घरी आला आणि "ॲप डाल दूँ जी, फोन से चलेगा" म्हणाला, तेव्हाही त्याची मान डोललीच. नाना त्या वेळी गॅलरीत बाहेरच्या युनिटचे बोल्ट तपासत होते.

मग एसीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, आणि त्याच्याखाली पाटावर यतीनला बसवलं. माईंनी औक्षण केलं. नानांनी अधिकातल्या रीतीप्रमाणे जावयाला विष्णू समजून वाकून नमस्कार केला. ज्या माणसाला आपण चळाचळा कापतो तोच पायाशी वाकला, की काय वाटतं ते यतीनलाच ठाऊक. ताटातला अनारसा त्याने कागदासकट खाल्ला.

खरी गोष्ट सुरू झाली ती सोमवारी, यतीन कामावर निघाला तेव्हा. माई जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, अठ्ठावीसमध्ये माझा जीव नुसता शिजतो हो. काही करता आलं तर बघा. मी मिस्ड कॉल देईन. पण माझं नाव सांगू नका." माईही नानांना भीत. चाळीस वर्षांची भीती होती ती, मुरलेली.

दुपारी मिस्ड कॉल आला. यतीनने स्टोअरमध्ये सलाईनच्या खोक्यांमागे उभं राहून ॲप उघडलं आणि अठ्ठावीसचे चोवीस केले. थोड्या वेळाने बघतो तर पुन्हा अठ्ठावीस. पुन्हा मिस्ड कॉल. पुन्हा चोवीस. इकडे घरी काय चाललं होतं ते त्याला संध्याकाळी कळलं. नाना दुपारी आडवे झाले होते. एसी आपोआप 'टीं' करून चोवीसवर गेला. नानांनी रिमोट घेऊन अठ्ठावीस केले. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा 'टीं'. हे त्यांनी जेवताना अगदी शांतपणे सांगितलं, आणि यतीनने भाकरी आमटीऐवजी पाण्यात बुडवली.

दुसऱ्या दिवशी नाना रिमोट पोटावर ठेवून जागे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिमोटमधले सेल काढून खिशात ठेवले. तरीही 'टीं' झालंच. माईंनी नंतर यतीनला सांगितलं, की चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नानांचा चेहरा पांढरा झालेला पाहिला. भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस. पण सेल खिशात आणि समोर एसी बोलतोय म्हटल्यावर त्यांनी माईंना हळूच विचारलं म्हणे, की या घरात आधी कोण राहत होतं.

माईंना तेवढंच पुरलं. (गार करणारा कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण विचारलंच आहे तर काही तरी करायला हवं ना.) यतीन घरी आला तेव्हा माई एसीची दृष्ट काढत होत्या. मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून त्यांनी त्या निखाऱ्यावर टाकल्या, त्या तिथेच, बंद खोलीत. पाव मिनिटात चौघेही खोकत खाली बसले. आसावरी दाराकडे धावली, तेवढ्यात धुरातून नानांचा आवाज आला, "दार उघडू नका. गार हवा जाईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने झाकण काढलं, आत डोकावला, मिरचीच्या वासाने शिंकला आणि विचारलं, "किसी के फोन में ऐप तो नहीं है जी?"

"हमारे यहाँ ऐसी फालतू चीज नहीं होती," नाना म्हणाले. "हमारे जमाई सीधे आदमी हैं."

सरळ माणूस लस्सीचे ग्लास घेऊन दारात उभा होता. खिशातला फोन मांडीला चटके देतोय असं त्याला वाटलं. बोलायची हीच वेळ होती. त्याने तोंड उघडलं आणि विचारलं, "साखर चालेल ना?"

"फिर तो कार्ड गया," मेकॅनिकने निकाल दिला. कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, मागवावं लागेल, गर्दीचा सीझन, वेळ लागेल. नानांनी ते ऐकून घेतलं आणि रविवारची परतीची तिकिटं रद्द करायला सांगितली. अधिकाचं वाण सदोष देऊन ते जाणार नव्हते. एसी पूर्ण सुधारेपर्यंत, मग श्रावण का उजाडेना, ते इथेच राहणार होते.

यतीनने ॲपला हात लावणं त्या क्षणापासून बंद केलं. माईंचे मिस्ड कॉल त्याने काळजावर दगड ठेवून वाजू दिले. एसी अगदी शहाण्यासारखा अठ्ठावीसवर राहिला. आता तरी नाना जातील, असं त्याला वाटलं. पण नानांनी मान हलवली. आपोआप जाणारा बिघाड आपोआप परत येतो, म्हणाले; निदान दोन महिने तरी नजरेखाली ठेवायला हवा. आणि त्यांनी आसावरीला बाकीच्या खोल्यांची वायरिंग दाखवायला सांगितलं.

यतीनने स्वयंपाकघरात बायकोला सगळं कबूल केलं. ती पोट धरून हसली. "तू सांग ना त्यांना," तो म्हणाला.

"वडील माझे आहेत, पण भीती तुझी आहे," आसावरी म्हणाली. "ज्याची त्याने सांभाळावी."

शेवटी तो नानांच्या समोर जाऊन उभा राहिला. रात्री पाठ केलेली चार वाक्यं होती, त्यातलं शेवटचंच तेवढं बाहेर आलं. "नाना, तो बिघाड मी आहे."

मग त्याने फोन पुढे केला. माई छताकडे बघत होत्या. असं का केलं ते नानांनी विचारलं, तेव्हा यतीनने माईंकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, की तुम्हाला उकडत असेल असं मला वाटलं.

"मला? सोलापूरच्या माणसाला?" नानांनी फोन हातात घेतला. चष्मा कपाळावरून खाली आणला. बोट लावलं. टीं. पुन्हा लावलं. टीं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "हे इस्पितळातून चालतं?"

"हो."

"आणखी लांबून?"

"कुठूनही," यतीन म्हणाला. ओरडा बसत नाही या आनंदात आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात यायला उशीर झाला. नानांनी स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला होता. "घाला यात," ते म्हणाले.

नाना-माई रवाना झाले. त्यानंतरच्या रविवारी सकाळीच यतीन आणि आसावरी चंदीगडजवळच्या पिंजौरच्या बागेत गेले. घरी परतल्यावर खोली गार मिळावी म्हणून (आणि नाना आता सोलापूरला आहेत म्हणून) यतीनने एसी चालूच ठेवला होता. आंब्याखाली बसून तो कुल्फी खात होता. कितीतरी दिवसांनी त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"काय जावईबापू, घरीच का?" नानांनी विचारलं.

"हो नाना," यतीन सवयीने उठून उभा राहिला. "घरीच. खोलीत बसलोय. दार लोटलंय. तुमच्या अठ्ठावीसमध्ये छान गार वाटतंय."

कुल्फी यतीनच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली.

"एसी मी सकाळीच बंद केलाय," नाना म्हणाले. "आता त्या मेन स्विचचं काय ते खरं सांगा."