डावीकडची चटणी

बोर्डीत कुणाच्याही पंगतीला जा, पण राऊत सरांच्या शेजारी बसू नका. तुमचा भात अर्ध्यावर आला की ते न विचारता तुमचं ताट गर्रकन फिरवतात. चटणी-कोशिंबीर उजवीकडे, आमटी डावीकडे! माझ्या मांडीवर दोनदा आमटी आली आहे. वर माफी वगैरे काही नाही. "जेवा आता," एवढंच.

आम्ही एकाच शाळेत नोकरी केली. मी मराठीचा, ते जीवशास्त्राचे. दरवर्षी खाटकाकडून बकऱ्याचं मुंडकं आणून भर वर्गात मेंदू काढायचे, आणि शेजारच्या वर्गात मी नाकाला रुमाल लावून कविता शिकवायचो. "डोळा नुसती खिडकी रे! बघणारा मागच्या पडवीत बसतो," म्हणत दिसेल त्याच्या डोक्यामागे टिचकी. हेडमास्तरांनाही सोडलं नाही. "आणि पडवीतही वाटण्या झाल्यात. डावीकडचं सगळं उजवा भाऊ बघतो, उजवीकडचं डावा."

ते निवृत्त झाले, आणि सोळा साली त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, चिकूच्या वाडीत चक्कर येऊन पडल्या. हातपाय धड, बोलणं धड. डहाणूला डोळे तपासले, तेही ठणठणीत. पण त्या ताटात अन्न टाकू लागल्या. सरांना पानात शीत उरलेलं खपत नसे. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, "माज आलाय का अन्नाचा?"

वहिनी रडवेल्या होऊन म्हणायच्या, "टाकलं कुठे हो? तुम्हीच वाढत नाही. चटणी तर हल्ली दिसतसुद्धा नाही."

असे दोन महिने गेले. वहिनींच्या हातात बांगड्या राहीनात.

एकदा मी समोरच बसलो होतो. भाताची मूद सुरीने कापावी तशी मधोमध अर्धी उरलेली. सरांनी संतापून ताट फिरवलं आणि वहिनींपुढे आदळलं. "हे काय आहे मग?"

"अगंबाई! हे कुठून आलं?" म्हणत वहिनी बकाबका जेवू लागल्या.

सरांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यामागे गेला, उजव्या बाजूला. "तीस वर्षं पोरांना शिकवलं," ते मला म्हणाले, "आणि घरात हिला उपाशी ठेवली मी. शिव्या देऊन." पुढे स्कॅनमध्ये तेच निघालं. मेंदूची मागची उजवी बाजू गेली होती.

तेव्हापासून दर जेवणाला वहिनींचं ताट फिरवायचं, हा त्यांचा नेम झाला. मग सगळ्या गावाचंच फिरवू लागले. आम्ही हसायचो. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

एकोणीस साली वहिनी गेल्या. दहाव्याला समुद्रावर सुरूंखाली पिंडापाशी पान वाढलं, तर कावळा शिवेना. तास होत आला. "काहीतरी इच्छा राहिली असेल, कबूल करा," भटजी म्हणाले. कुणी नातवाच्या शिक्षणाचं बोललं, कुणी वाडीचं. कावळे आपले फांदीवरच.

सर उठले, वाकले आणि पान हळूच फिरवलं. चटणी उजवीकडे आणली.

"अहो, पानाला हात नका लावू!" भटजी ओरडले.

"तिला तिकडचं दिसत नाही," सर म्हणाले. मग पानाकडे बघून, अगदी हळू आवाजात, "जेव आता. मी रागावत नाही."