एकवर दादा, दोनवर प्लंबर

वडील अंघोळीला गेले होते तेवढ्या पंधरा मिनिटांत मुलीने त्यांचा ब्राउझर आवरून टाकला.

एकेचाळीस टॅब होते. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे मोजल्याशिवाय तिला राहवले नाही. टॅब इतके बारीक झाले होते की एकाचेही नाव वाचता येत नव्हते. हवामानाचे टॅब तिने एका गटात घातले, शब्दकोड्यांचे दुसऱ्या, गटांना रंग दिले, महिनाभर न उघडलेले बंद केले आणि मेलचे दोन टॅब पिन केले. पिन केलेला टॅब डावीकडे जाऊन बसतो, चुकून बंद होत नाही, आणि जागा वाचावी म्हणून त्याचे नाव जाऊन नुसते चिन्ह उरते. दोन्ही मेलचेच असल्यामुळे दोन सारखे लिफाफे शेजारी शेजारी बसले. तिला ते फार सुबक वाटले.

"हे काय केलंस?" वडिलांनी केस पुसता पुसता विचारले.

"आवरलं, बाबा. आता सगळं सापडेल."

"मला सापडतच होतं की."

"एकेचाळीसमध्ये?"

वडिलांनी स्क्रीनकडे जरा वेळ पाहिले. "बरं. रंग छान आहेत," ते म्हणाले. तिने तेव्हाच आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता: तुम्ही टॅब शोधता कसे?

वडील निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर अचूक रेघा मारलेला हा माणूस टाइप मात्र एका बोटाने करी, मान खाली घालून, आणि काम संपेपर्यंत स्क्रीनकडे बघत नसे. टॅबही ते बोटांनीच शोधत. कंट्रोल आणि एक दाबले की पहिला टॅब, दोन दाबले की दुसरा, हे त्यांना मुलीनेच शिकवले होते. एकवर दादा, दोनवर प्लंबर. दोन्हीकडे उत्तराची चौकट उघडीच ठेवलेली. आणि पिन करताना मुलीने आधी प्लंबरचा टॅब धरला, मग दादांचा. का? माउस तिथे होता म्हणून. दुसरे कारण तिला पुढे कितीही शोधून सापडले नाही.

दादा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मुलीचे काका. आजीच्या शेवटच्या आजारात ते कामासाठी परगावी होते. निरोप मिळून पोचेपर्यंत तीन दिवस गेले, आणि आजी गेली ती त्याआधी तासभर. दार उघडून वडील म्हणाले होते, "या, पाहुणे आले." एवढेच. त्याला आता दोन वर्षे झाली होती. काका त्यानंतर घरी आले नव्हते आणि वडिलांनी बोलावले नव्हते. गेले अकरा महिने मात्र वडील एका वहीत पेन्सिलीने पत्र लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते.

मंगळवारी दुपारी पत्र झाले. वडिलांनी कंट्रोल-एक दाबले, वही शेजारी ठेवून तासभर टाइप केले आणि डोके वर न काढता पाठवून टाकले. "वर बघितलं असतं तर पाठवलंच नसतं," ते नंतर म्हणाले. मग हात चालतोच आहे म्हणून कंट्रोल-दोन दाबून न्हाणीघराच्या भिंतीची रखडलेली तक्रारही पाठवली.

मुलगी संध्याकाळी घरी आली तेव्हा वडील खुर्चीत ताठ बसले होते.

"हे वाच," ते म्हणाले.

इमारतीची देखभाल करणाऱ्या कंपनीचे आपोआप येणारे उत्तर होते. 'आपली तक्रार मिळाली. तक्रारीचा मजकूर: दादा, त्या दिवशी तुला पाहुणा म्हणालो, त्याची लाज वाटली नाही असा एक दिवस गेलेला नाही... तक्रारीचा प्रकार: इतर. आमचा माणूस शनिवारी सकाळी येईल. कृपया घरी थांबावे.'

तिने ते दोनदा वाचले. "म्हणजे काकांना..."

"काकांना भिंत गेली."

तिने पाठवलेल्या मेल उघडल्या. काकांना गेले होते ते असे: 'दोन वर्षांपूर्वी काम अर्धवट टाकून गेलात ते परत फिरकला नाहीत. तेव्हापासून ओल वाढतेच आहे. वरवर रंग फासून आता भागणार नाही. मुळात कुठे झिरपतंय ते एकदा समोर येऊन बघा.'

"परत नाही घेता येत?" आईने विचारले.

"काही सेकंदांतच येतं, आई. तीन तास झालेत."

"पण खोटं काय आहे त्यात?" आईने पुन्हा एकदा वाचून म्हटले.

"तू गप्प बस गं," वडील म्हणाले.

"बाबा, मी करते काकांना फोन. सांगते की ते पत्र तुमचं नव्हतं."

"मग माझं कुठे आहे, म्हणेल. प्लंबरकडे आहे म्हणून सांगशील?"

तिने पिन काढल्या, गट मोडले, बंद केलेले टॅब एकेक करून परत उघडले. एकोणचाळीस सापडले. वडील रागावले असते तर तिला बरे वाटले असते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार काकांचे उत्तर आले नाही.

शनिवारी सकाळी घंटा वाजली. प्लंबर असेल म्हणून वडिलांनी दार उघडले, तर काका. खांद्याला पिशवी, चेहरा दोन वर्षांनी म्हातारा झालेला.

"आलो," काका म्हणाले. "समोर येऊन बघा म्हणालास ना?"

वडील दार धरूनच उभे राहिले. आईने काकांना बसवले.

"अर्धवट टाकून गेलो, खरंच आहे," काका पाणी पिता पिता म्हणाले. "आणि तू मला तुम्ही लिहिलंस. जन्मात पहिल्यांदा. तेव्हा कळलं मला, किती लागलंय तुला ते."

"दादा, ते मी..." वडील म्हणाले, आणि घंटा पुन्हा वाजली.

आता प्लंबर होता. पन्नाशीचा, हातात अवजारांची थैली आणि चार घड्या घातलेला कागद.

"साहेब, ऑफिसनं हे छापून दिलं. मला सगळेच दादा म्हणतात, त्यामुळे आधी वाटलं माझंच आहे. रडलो हो मी. मग आईबद्दल वाचलं. आमची आई तर ठणठणीत आहे." त्याची नजर काकांवर गेली. "तुम्ही का ते?"

काकांनी उठून हात पुढे केला आणि कागद उघडून ते उभ्यानेच वाचू लागले. आईने प्लंबरला भिंत दाखवायला न्हाणीघरात नेले; तिथून ठकठक ऐकू येऊ लागली. एका ठिकाणी काका थांबले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचले. "'दार वाजलं की आई तुझं नाव घ्यायची. मी उशाशी बसलेलो, आणि ती तुला शोधायची. मला राग त्याचा होता, तुझा नव्हता.'"

काकांनी कागदावरून नजर वर उचलली.

"हे मला का नाही पाठवलंस?" काकांनी विचारले.

"काका, चूक माझी आहे," मुलगी म्हणाली. तिने पिन, लिफाफे, एक आणि दोन, सगळे क्रमाने सांगितले. काका इतके लक्ष देऊन ऐकत होते की तिला आणखीच ओशाळल्यासारखे झाले.

"साहेब, तो कागद लागेल हां," आतून प्लंबर ओरडला. "तक्रार नंबर आहे त्यावर."

"नंबर लिहून घ्या. कागद मिळणार नाही," काकांनी ओरडून सांगितले आणि कागद खिशात घातला. मग पिशवीतून आपला जुना लॅपटॉप काढून मुलीसमोर ठेवला.

"माझ्याकडेही ह्याला लिहिलेलं एक पत्र आहे," ते वडिलांकडे न बघता हळूच म्हणाले. "दोन वर्षं उघडंच आहे. पाठवायचं बटण काही दाबवत नाही."

"मी दाबू का, काका?"

"छे छे. तू नुसतं आवरून ठेव. ह्याचं आवरलंस ना, तसंच."